फोनातली थरथर

रविनानं आईच्या कानात ऐकायचं यंत्र बसवलं आणि मांडीवरच्या लॅपटॉपवरून त्याचा आवाज हळूहळू वाढवला. आई पडवीत नागली पाखडत होती. सूप हलवता हलवता ती मधेच थांबली. पुन्हा हलवलं, पुन्हा थांबली.

"नागली वाजते," ती म्हणाली.

चुलीपाशी भावाची बायको मीना हसली. आता सासूसमोर बसून सासूचीच चहाडी करायची सोय गेली, असं तिनं त्या यंत्रालाच सुनावलं.

रविना हसली नाही. ती लॅपटॉपवर आईच्या कानतपासणीचा आलेख बघत होती. पुण्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजात ती डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकवायची, असल्या रेघा तिच्या रोजच्या. आईच्या कानाची रेघ मात्र अर्ध्यातूनच कोसळली होती. हे कधीपासून, असं तिनं विचारलं. आई म्हणाली, तू पुण्याला गेलीस ना, त्याच्या पुढच्या पावसापासून.

म्हणजे रविवारचा एकही फोन आईला ऐकू आला नव्हता. समोर असताना आई ओठांवरून सावरून घ्यायची. पण एम.टेक. झालं, पीएचडी मिळाली, प्राध्यापक झाले, हे सगळं रविनानं फोनवरच सांगितलं होतं. दर वेळी आई म्हणायची, "बरं. जेवलीस का?" आईला आपल्या कामाचं काही वाटत नाही असं धरून रविनानं हळूहळू सांगणंच सोडलं होतं.

"आये, मग फोन घ्यायचीस कशाला?"

"थरथरायचा ना. तू बोलतेस तवर थरथरायचा." आईनं कानाखाली गालावर बोटं टेकवून दाखवलं. "हसलीस का जास्त."

"आणि जेवलीस का, ते?"

"ते इचारलं का जरा थांबायचा. मंग एकदाच, बारीक. म्हणजे जेवलीस."

रविनानं लॅपटॉप मिटला. आईनं सूप बाजूला ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि तिच्याकडे तोंड करून बसली.

"आता सांग. पयल्यापासनं."

भरल्या वर्गात तासन्‌तास बोलायची रविना.

"जेवले गं," एवढंच ती म्हणाली.

"तेवढं कळायचं मला," आई म्हणाली. "पुढचं सांग."