आयरीनचे फुगे

"इथे सही करा, कर्णिकबाई." सामंत साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. दुसऱ्या हातात त्यांचा चौथा फुगा होता, गोल, तळलेला, पावासारखा मऊ.

हेमाताईंनी चष्मा लावून कागद पुन्हा वाचला. चारच ओळी होत्या. 'नभयान कंपनीने लांब पल्ल्याची पाच विमाने दहा वर्षांच्या भाड्याने घेतली, तेव्हाचा नियोजन तक्ता मी तयार केला. त्यात वैमानिकांचा हिशेब माझ्या हातून चुकला. पाचही विमाने रोज उडतील असे मी चुकीने दाखवले. वरिष्ठांनी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला.'

खाली तारीख घालून ठेवलेली होती.

चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेब एकदाही त्यांच्या घरी आले नव्हते. आज घोडबंदर रोडच्या टॉवरमधून निघाले, शीळफाट्याला तासभर अडकले आणि घामाघूम होऊन कोपरला पोचले.

"माणकोलीच्या पुलावरून आला असतात तर इतका वेळ लागला नसता," हेमाताई म्हणाल्या.

"ते जाऊ द्या. सोमवारी त्या विमानांच्या चौकशीत तुम्हाला बोलावतील. हा कागद पुढे केलात की दहा मिनिटांत मोकळ्या. आकड्यांत चूक कुणाचीही होते, बाई. सत्तरीच्या बाईला कोण काय करणार आहे?"

"एकाहत्तर."

"काय?"

"सत्तर नाही. एकाहत्तर."

तो तक्ता हेमाताईंना अजून डोळ्यांसमोर दिसत होता. तेव्हा तक्ते हाताने काढत. आलेखाच्या कागदावर प्रत्येक विमानाची एक रेघ, प्रत्येक रेघेचा रंग वेगळा. रंगीत पेन्सिली त्या रात्री घरीच टोक करून नेत. चौथ्या मजल्यावर कुणाची बेरीज अडली की माणसं त्यांच्या टेबलाशी येत. कर्णिकबाईंनी तपासलं म्हणजे पुन्हा तपासायचं नाही, असा रिवाज होता. त्या तक्त्यावर त्यांनी फक्त दोन रेघा ओढल्या होत्या. खाली लिहिलं होतं, 'वैमानिक दोन विमानांपुरतेच आहेत. उरलेली तीन उभी राहतील. उडाले तरी भाडे, उभे राहिले तरी भाडे.'

साहेबांनी तेव्हा तो तक्ता घडी घालून खणात टाकला. फाईलमध्ये गेला तो टाईप केलेला दुसरा तक्ता. त्यावर पाच रेघा होत्या आणि खाली हेमाताईंचं नाव टाईप केलेलं होतं.

तीन विमानं धावपट्टीच्या टोकाला उभी राहिली. इंजिनांवर लाल कापड बांधलेलं. कर्मचाऱ्यांची बस रोज त्यांच्या समोरून जायची. पहिल्या वर्षी लोक बोलायचे. तिसऱ्या वर्षी खिडकीबाहेर बघेनासे झाले. भाडं मात्र दहा वर्षं जात राहिलं आणि कंपनी वाकली ती वाकलीच. अजूनही लग्नाकार्यात कुणी जुनं माणूस भेटलं की म्हणतं, 'तुमच्या प्लॅनिंगनेच बुडवलं हो आपल्याला.' हेमाताई अशा वेळी ताट अर्धं टाकून घरी येत.

"माझा तक्ता कुठे आहे, साहेब?"

"कुठला? फाईलमध्ये एकच तक्ता आहे." साहेबांनी फुग्याचा तुकडा मोडला. "पेन्शन वेळेवर येते ना तुमची? येऊ द्या की. कशाला उगाच या वयात खेटे?"

हेमाताईंनी बशी त्यांच्यापुढे सरकवली. "अजून घ्या."

"झालेत मात्र फर्स्टक्लास! वसईला एका ख्रिश्चन लग्नात खाल्ले होते. तुम्ही कुठे शिकलात?"

"आयरीन परेराची कृती. ठाण्याची, चरईतली. आपल्याच किचनमध्ये होती. विमानात चढवायच्या जेवणांचा हिशेब बघायची. आठवते का?"

"किचनमधली माणसं कोण लक्षात ठेवतं हो!" साहेब मोकळेपणाने हसले.

"वहिनींना करायला सांगा. कृती देते."

त्या आत गेल्या. रव्याच्या डब्यामागून एक कागद घेऊन आल्या. दोन्ही बाजूंनी काढलेली झेरॉक्स होती. साहेबांनी नाइलाजाने नजर टाकली. तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'मैदा अर्धा किलो, अंडी चार, नारळाचं दूध, यीस्ट. पीठ सैल हवं. मुठीतून दाबून सोडायचं.'

"घेतली. आता आधी सही करा, बाई."

"कागद उलटा, साहेब."

साहेबांनी कागद उलटला.

मागे टाईप केलेली किचनची वर्षाची मागणी होती. विमानांचा भाडेकरार झाला त्याच दिवसाची तारीख. 'लांब पल्ल्याची विमाने: दोन. रोजची जेवणे: चारशे ऐंशी.' खाली शिक्का. शिक्क्यावर साहेबांची स्वतःची ऐटदार, वळणदार सही.

साहेबांचा हात बशीवर तसाच राहिला.

"आयरीन कोरी पाठ कधी वाया घालवत नसे. रद्दी झाल्यावर कृती लिहून मला दिलीन. वीस वर्षं त्या डब्यामागे होती. अस्सल कागद आम्ही दोघींनी शुक्रवारी चौकशीत जमा केला. पोचही घेतली."

हेमाताईंनी चार ओळींचा तो कागद उचलला, नीट घडी घातली आणि साहेबांच्या खिशाशी धरला.

"भाडं वाया गेलेलं वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही, साहेब. तीन विमानांचं अन्न रोज उरलं असतं तर त्याच संध्याकाळी तुम्हाला जाब विचारला असता. सोमवारी मी येणारच आहे. मी चुकीचा आकडा दिला म्हणता ना? मग ज्या दिवशी पाच विमानं घेतलीत, त्याच दिवशी स्वयंपाक दोनच विमानांचा का सांगितलात?"