दुसरा मोजा

"तिथे घरचं काही बोलू नकोस," आईने फोनवर बजावलं होतं. "विचारतील तेवढंच सांग. पोराचं नाव तर अजिबात काढू नकोस. आरोपी समोरच बसलेला असतो, ब्रिटा."

"आई, कोर्ट आहे ते!" ब्रिटा हसली होती.

ज्युरीची, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा नागरिकांची, निवड करताना न्यायाधीशांनी तिला विचारलं, काही अडचण आहे का? आणि ती बोलून गेली, "ओटोला दात येताहेत. रात्र रात्र जागवतो." सगळे हसले. आरोपीही हसला. डेल नावाचा नीटनेटका माणूस, नखं कापलेली, भांग पाडलेला. ओळखीच्या घरची खुशाली ऐकावी तशी मान कलती करून तो ऐकत होता.

आरोप विचित्र होता. भरदुपारी, बाळं झोपलेली असताना हा परक्या घरांत शिरतो. चोरी नाही, बाळाला साधा ओरखडा नाही. फक्त एका पायातला मोजा काढून, घडी घालून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. दोन आयांनी साक्षीत हेच सांगितलं. एका शेजाऱ्याने त्याला कुंपणाजवळ पाठमोरं पाहिलं होतं. बस, एवढंच.

ज्युरीच्या खोलीत सगळे घोटाळ्यात पडले. ज्युरीतल्याच वयस्कर आर्लीनने घरून लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या. डबा फिरवत ती म्हणाली, "मला तरी हा माणूस बरा वाटत नाही."

"अहो, बाळं दिवसातून दहादा मोजे काढतात," ब्रिटा म्हणाली. "आपणच उचलतो, घडी घालतो, कुठेतरी ठेवतो आणि विसरतो. झोप नसली की आईला स्वतःचं नाव आठवत नाही, आर्लीन. मोज्यावरून माणसाला तुरुंगात घालायचं?"

बायका हसल्या. पुरुषांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. आर्लीन शेवटपर्यंत अडून होती. मग तीही म्हणाली, "तुझं बाळ लहान आहे बाई, तुला जास्त कळणार. मी आपली दुपारपुरती नात सांभाळते." हे तिने निवडीच्या वेळी न्यायाधीशांनाही सांगितलं होतं. नातीच्या नावासकट.

डेल सुटला. बाहेर पडताना ब्रिटासाठी दार धरून उभा होता.

"ओटोचा दात आला का?"

"आला," ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं.

आज दुपारी कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकून ती वर आली. ओटो गाढ झोपला होता. एक पाय उघडा. पांघरूण झटकलं, पाळण्याखाली पाहिलं. मग खिडकीकडे नजर गेली.

मोजा कट्ट्यावर होता. घडी घातलेला.

खिडकी अर्धी उघडी होती. ती तिनेच उघडली होती. बहुतेक. मोजाही तिनेच ठेवला असेल. कधी? आंघोळीनंतर? ती आठवत राहिली. झोप नसली की आईला स्वतःचं नाव आठवत नाही, हे तिच्याच आवाजात तिला ऐकू आलं. किती समजूतदार आवाज. अकरा जणांना पटला होता.

तिने ओटोला झोपेतच उचलून घट्ट धरलं आणि खाली येऊन फोन लावला. वड्यांची कृती द्यायची म्हणून आर्लीनने नंबर दिला होता.

"अगं ब्रिटा! आज बरी आठवण झाली?" आर्लीन कुजबुजली. "हळू बोलते हं. एल्सी वर झोपलीय."

"फोन ठेवू नका, आर्लीन. वर जा."

"आत्ता? आत्ताच तर कुठे डोळा लागलाय तिचा. का गं?"

"तिचे पाय बघून या. दोन्ही."