छपाईच्या प्रकरणाची संमती

मराठी लिखाणाचं मोफत सॉफ्टवेअर करणारा गट भांडून फुटला, त्याला सहा वर्षं झाली होती. आता मृणालच्या गटाला दुसऱ्या गटाची माहितीपुस्तिका हवी होती. दोन्ही गटांचे मजकूर वापरू देण्याचे परवाने वेगळे, म्हणून पुस्तिकेच्या प्रत्येक लेखकाची संमती लागणार होती. बाकीच्यांनी ती दिली; उरले फक्त पुस्तिकेतलं छपाईचं प्रकरण लिहिणारे चौबळ. भांडणात तिने त्यांनाच सर्वांदेखत आडमुठे म्हटलं होतं.

तिने धीर करून फोन लावला.

"संमती घ्या," चौबळ म्हणाले, "पण ते प्रकरण मी अंदाजानेच लिहिलंय. तेव्हा माझ्याकडे प्रिंटरच नव्हता."

"अहो, सहा वर्षं लोक तेच वाचून छापतायत!"

"काय सांगता! मग मलाही शिकवा. परवाच प्रिंटर घेतला, पण माझं प्रकरण वाचून काही जमेना."

मृणालला इतकं हसू फुटलं, की माफी मागायची राहूनच गेली.