नवगावचं तेल

"तार आली तर माझ्याच हातात द्या, नंदकुमार. आईंना नको."

जिन्यात गाठलेल्या पोस्टमननं मान डोलावली. दीना झिराडकर वर गेली. दुपारी तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून नवऱ्याच्या बोटकंपनीला फोन लावला होता. आखातात एलियासच्या जहाजावर बॉम्ब पडला होता. पाच जण बेपत्ता, त्यांत तो. "घरी तार कालच केलीय," कारकून म्हणाला होता.

घरी काहीच आलेलं दिसत नव्हतं. सासूबाईंचं हृदय नाजूक.

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत सासूबाई खिडकीशी हनुक्क्याची, ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाची, पहिली वात लावत होत्या. मागच्या सुट्टीत एलियासनं नवगावहून आणलेलं खोबरेल बाटलीत बोटभर उरलं होतं.

"पत्र नाही म्हणून तोंड पाडू नकोस गं. हे एका रात्रीचं तेल आहे. आठ रात्री पुरलं, तर एलियास सुखरूप आहे असं समज."

"आई, तेल काय, असेल तेवढंच जळतं."

"तेव्हा मंदिरातही एका रात्रीचंच होतं. आठ रात्री जळलं."

दीनानं तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

"ठेव त्या. या उजेडात वाचायचं नसतं. नुसतं बघायचं."

दुसऱ्या दिवसापासून, सासूबाई न्हाणीत गेल्या की दीना बाजारचं तेल ओतून बाटली पुन्हा बोटभर करी. संध्याकाळी सासूबाई बाटली हलवून म्हणत, "बघ, उरलंय." रोज एक वात वाढे. जिन्यात पाऊल वाजलं की दीना हातातलं टाकून दाराशी धावे.

"तार नाही, वहिनी," नंदकुमार सांगे.

आठव्या दिवशी ती उजाडताच फोर्टातल्या कंपनीत जाऊन बसली. दिवसभर एकच उत्तर. "शोध चालू आहे." परतीच्या वाटेवर तिला आठवलं. आज तेल ओतलंच नव्हतं.

धापा टाकत ती घरात शिरली. खिडकीत आठही वाती जळत होत्या. बाटलीत बोटभर तेल.

"आई, हे कसं..."

"सकाळी घाईत विसरलीस. मी ओतलं."

सासूबाईंनी पदराची गाठ सोडून एक कागद तिच्या हातात दिला.

"बत्ती लाव आधी. या उजेडात वाचायचं नसतं."

दीनानं बटण दाबलं. उलगडून, दुमडून कापडासारखी मऊ पडलेली तार. पहिल्या वातीच्या आदल्या दिवशीची.