पहिला संदर्भ

देवस्थळी सर महाप्याच्या संशोधन संस्थेत बसून शरीरातल्या पचनसंस्थेची, चेतासंस्थेची समीकरणं मांडत. उमेदीची वर्षं घालून लिहिलेल्या त्यांच्या लेखाचा अकरा वर्षांत कुणी साधा उल्लेखही केला नव्हता. नवं नियतकालिक आलं, की सर आधी शेवटची संदर्भयादी उघडून आपलं नाव शोधत.

सोमवारी आस्थापना विभागातले हौसेराव संचालकांच्या सहीचा कागद घेऊन आले.

"सर, वाचला बघा कुणीतरी तुमचा लेख. तळाला नाव हाय तुमचं."

सवयीप्रमाणे सरांनी आधी तळच वाचला.

'संदर्भ : देवस्थळी, १९८६. कोणताही एक घटक काढून टाकला, तरी संस्था सुरळीत चालते.'

सर हरखले. मग त्यांची नजर वर गेली.



'विषय : आपले पद रद्द करण्याबाबत.'