कार्डाची पहिली ओळ

घड्याळजींनी पोस्टकार्ड दोनदा वाचलं, दुकानाच्या फळीवरल्या पटावर चाल मांडली आणि चष्मा पुसला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपला वजीर सरळ त्यांच्या हत्तीच्या तोंडात दिला होता.

दूरच्या गावच्या या बाईंना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं दोघं कार्डांवरून बुद्धिबळ खेळत होते. पंधरा डाव आधी जिंकेल तो खरा खेळाडू, असं पहिल्याच कार्डात ठरलं होतं, आणि गाडी चौदा-चौदावर येऊन थांबली होती.

"मग घ्या की वजीर," शेजारी घड्याळांना पट्टे लावत बसलेली बायको म्हणाली.

असा वजीर टाकणाऱ्यातल्या त्या बाई नव्हेत, हे घड्याळजी छातीठोकपणे सांगू शकत होते. तिकडे पटावर कुणाचं तरी फडकं फिरलं असणार, सोंगटी सरकली असणार. कोणती, तेही ते शोधणार होते.

अर्ध्या तासात सापडली. घड्याळजींचाच हत्ती ई-एक या घराऐवजी डी-एकवर असता, तर ही चाल अफलातून होती. पुढे मात, सुटकेला जागा नाही. घड्याळजी खूश झाले. आता वजीर परत घ्या म्हणून कळवायचं, म्हणजे मोठेपणाही आपल्याच पदरात.

त्यांनी कार्ड पुन्हा उचललं. प्रत्येक कार्डावर आधी समोरच्याची चाल जशी पोचली तशी उतरवायची, खाली आपली, असा दोघांचा नियम होता. ती वरची ओळ घड्याळजींनी आजवर वाचलीच नव्हती. आपलीच चाल, ती काय वाचायची?

'तुमची चाल: हत्ती डी-एक.'

मागचं कार्ड लिहिताना मध्येच एक गिऱ्हाईक आलं होतं, ते त्यांना आत्ता आठवलं.

"हात चुकला म्हणून कळवा ना," बायको म्हणाली. "बाई समजून घेतील."

"घेतील. म्हणूनच नाही कळवायचं."

त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. हत्ती त्यांनी डी-एकवर नेला, राजा आडवा केला आणि कोरं कार्ड पुढे ओढलं. वर नियमाप्रमाणे बाईंची चाल उतरवली. डाव तुमचा, त्यांनी खाली लिहिलं. चाल झकास होती. आता तीसपर्यंत खेळू. त्याखाली नव्या डावाची पहिली चाल.

मग नव्याने मांडलेल्या पटावर, पुढे सरकवलेल्या प्याद्यावर बोट ठेवून त्यांनी कार्ड बायकोच्या हातात दिलं.

"मोठ्यानं वाच. पहिल्या ओळीपासून."