चिखल फासलेला बॉल

आमच्या मुलींच्या टीमला सर मोठ्या मुलांचाच बॉल द्यायचे. जीव खाऊन लांब पास मारला तरी तो अर्ध्या वाटेत दमून बसायचा, आणि तो अडवून अडवून आमच्या गोलकीपरचं, चिमणीचं, मनगट सुजायचं. "पुन्हा सुजलं तर फुटबॉल बंद," असं तिच्या आईने बजावलं होतं.

"सर, बॉल फार जड आहे हो," चिमणी काकुळतीने म्हणाली.

"बॉल जड नाही, तुमचं जेवण हलकं आहे!" असं म्हणून सर पोट सावरत हसले.

शेवटी कॅप्टनच्या मावशीने खास मुलींसाठी बनवलेला बॉल आणून दिला, जरा लहान आणि चांगलाच हलका. आम्ही त्याला चिखल फासून जुन्यासारखा केला आणि गुपचूप सरांच्या बॉल ठेवायच्या जाळीत जुन्याच्या जागी टाकला. पास पोहोचायला लागले, चिमणीचं मनगट शाबूत राहिलं आणि आम्ही चक्क फायनल जिंकलो.

"बॉल तोच! फरक पडला तो माझ्या ओरडण्याने," असं सर भेटेल त्याला ऐकवत सुटले.

मग शिक्षक विरुद्ध पालक अशी मॅच झाली. सरांनी पेनल्टी हट्टाने मागून घेतली, जाळीतला तोच बॉल ठेवला आणि असा हाणला की तो थेट कॅन्टीनच्या छपरावर.

"अगं पोरींनो, केवढा हलका आहे हा बॉल!" सर आमच्याकडे बघून ओरडले.

 

"बॉल हलका नाही, सर," चिमणी म्हणाली, "तुमचं जेवण जड आहे."